जुने सिस्टिम कॉल आणि आपली कंत्राटे

संपादक महोदय,

‘सर्व्हरवरील लिनक्स अद्ययावत केले तर आमचे जुने सॉफ्टवेअर बंद पडेल, तेव्हा आहे तसेच चालू द्या,’ असा सल्ला मुंबईतील पतपेढ्या आणि लघुउद्योगांना पुरवठादारांकडून सर्रास मिळतो. अशा कार्यालयांचे सर्व्हर सांभाळणारा अभियंता म्हणून मला तो घातक वाटतो.

फाइल उघडणे, मेमरी मिळवणे अशा कामांसाठी प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, जी मागणी करतो, तिला सिस्टिम कॉल म्हणतात. लिनक्समध्ये ते सहसा काढत नाहीत. कर्नल बदलल्यामुळे चालता प्रोग्राम मोडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रह प्रसिद्धच आहे. कर्नलच्या सेटिंग्ज वाचण्या-बदलण्यासाठीच्या ‘सिस-सीटीएल’ या कॉलचेच पाहा. तेच काम प्रॉक फाइल प्रणालीतून, म्हणजे कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सोयीतून, होत असल्याने तो जवळजवळ कोणी वापरत नव्हते, तरी जानेवारी २००८ मधील २.६.२४ आवृत्तीपासून त्याच्या वापराची सूचना कर्नलच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) उमटू लागली आणि प्रत्यक्षात तो जानेवारी २०२० मध्ये, ५.५ आवृत्तीत गेला. बारा वर्षे मिळाली. लॉग कोणी उघडून पाहिला नाही, हा दोष कर्नलचा नव्हे. शिवाय काढलेल्या कॉलचा क्रमांक रिकामाच ठेवतात. चाळ पाडली म्हणून तिचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक दुसऱ्या भूखंडाला देत नाहीत, तसेच हे. त्यामुळे जुन्या प्रोग्रामला भलतेच काम न होता ‘ही सोय उपलब्ध नाही’ एवढेच स्पष्ट उत्तर मिळते.

उलट अडगळीतला कॉल राखण्याची किंमत मोजावी लागते. जुन्या लायब्ररींसाठी (प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या संचांसाठी) ठेवलेल्या ‘युजलिब’ या कॉलमधील त्रुटी जानेवारी २००५ मध्ये उघड झाली, तेव्हा साध्या वापरकर्त्याला तिच्याद्वारे संपूर्ण यंत्रणेचा ताबा घेता येत होता.

म्हणून सहकारी संस्थांनी, आणि महापालिकेनेही, सॉफ्टवेअरच्या निविदेत दोन अटी घालाव्यात: सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुराची, प्रत ग्राहकाकडे राहील, आणि नव्या कर्नलवर प्रोग्राम तपासून देणे ही पुरवठादाराची जबाबदारी असेल. ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रामांसाठी तर हे तातडीचे आहे, कारण ते वेळ सेकंदांच्या ३२ बिट आकड्यात मोजतात आणि २०३८ मध्ये ती त्यात मावेनाशी होईल. लिनक्सने २०१९ मध्ये, ५.१ आवृत्तीत, त्यांच्यासाठी ६४ बिट वेळेचे नवे कॉल दिले. परंतु सोर्स कोड हाती नसल्याने जो प्रोग्राम नव्याने कंपाइलच (त्या कोडपासून पुन्हा तयारच) करता येत नाही, त्याचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी १९०१ सालात जाईल, मग कर्नल कितीही नवा असो.

— एक संगणक अभियंता, मुलुंड (पूर्व), मुंबई