झार लेनिनने घालवला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांच्या एका शिकवणी वर्गात मिळालेल्या झेरॉक्स नोट्स माझी नात परवा घरी घेऊन आली. त्यांत ‘ऑक्टोबर १९१७ मध्ये लेनिनने झारशाही उलथवली’ हे वाक्य हिरव्या शाईने दोनदा अधोरेखित केलेले होते. ऑक्टोबरात लेनिनच्या पक्षाने उलथवले ते झारनंतर आलेले केरेन्स्कीचे हंगामी सरकार. रशियाचा सम्राट, म्हणजे झार, निकोलस दुसरा त्याच्या जवळजवळ आठ महिने आधीच पायउतार झाला होता. त्या वेळी लेनिन स्वित्झर्लंडमधील झुरिकमध्ये होता आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत तिथल्या तरुण कामगारांपुढे बोलताना, येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आपल्यासारख्या वयस्कांना पाहायला मिळतील की नाही, अशी शंका त्याने बोलून दाखवली होती!

झारला घालवले ते रशियाची तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडमधल्या पावाच्या रांगांनी. ८ मार्च १९१७ रोजी, महिला दिनी, विबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांमधील बाया काम टाकून रस्त्यावर आल्या, शेजारच्या कारखान्यांच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि आतल्या पुरुषांना हाका मारून त्यांनी बाहेर काढले. पुतिलोव कारखान्याला आदल्याच दिवशी टाळे लागल्याने तिथले हजारो कामगारही मोकळेच होते. ११ तारखेला व्होलिन्स्की रेजिमेंटच्या ज्या सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, तेच दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकाऱ्यांवर उलटले, आणि मग एकामागून एक पलटणी फुटत गेल्या. १५ मार्चला प्स्कोव येथे रेल्वेच्या डब्यात बसून निकोलसने राजत्यागावर सही केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावानेही मुकुट नाकारला आणि रोमानोव घराण्याची ३०४ वर्षांची सत्ता संपली.

रशियाची जुनी दिनदर्शिका १३ दिवस मागे असल्यामुळे या घटनेला ‘फेब्रुवारी क्रांती’ म्हणतात. नोट्स लिहिणाऱ्याने बहुधा तिथेच गोंधळून दोन क्रांत्यांची एक केली असावी. तारखेची चूक एकवेळ समजू शकते. पण त्या बायांचे श्रेय परस्पर लेनिनच्या खात्यावर जमा व्हावे, हे मला पटत नाही. व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाली त्या दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर ज्या शहराने घड्याळे लावली, त्या नागपुरात तरी गिरणीतल्या माणसांची नोंद इतकी सहज पुसली जाऊ नये.

नातीने वहीत दुरुस्ती केली आहे. सराव परीक्षेत मात्र गुण मिळवण्यासाठी ‘लेनिन’ हाच पर्याय निवडावा लागला, असे ती सांगते.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक, महाल, नागपूर