काकूंना घेऊन वसईला

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच फोनच लावणार होते, पण आपण दोघी फोनवर बसलो की भलतीकडेच जातो आणि कामाचं राहून जातं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. काकूंना वसईला न्यायचं ठरवलंयस हे वाचून मला खरंच खूप बरं वाटलं गं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विरार लोकल त्यांच्यासाठी संपलीच म्हणायची, तिच्यात चढायचं म्हणजे धडधाकट माणसालाही जोर लागतो, आणि ज्या बाईचं सगळं लहानपण झेंडा बाजार आणि पारनाक्यावर गेलं तिला पन्नास-साठ किलोमीटरवरचं आपलं गाव इतकी वर्षं बघायला मिळत नाही हे मला नेहमी लागायचं. आता तुझ्या हातात गाडी आहे तर हे व्हायलाच हवं, आणि मी येणारच आहे बरोबर.

आता प्लॅन. पहिली गोष्ट, आधी परतायची वेळ ठरव, निघायची मग. सगळे उलटं करतात, सकाळी किती वाजता निघायचं यावर तासभर चर्चा आणि परत यायचं तेव्हा येऊ. या रस्त्यावर रविवारी संध्याकाळी अर्नाळा, राजोडी, विरारच्या रिसॉर्टवाल्या गाड्या सगळ्या एकदम मुंबईकडे वळतात, त्यात हायवेवरच्या फाउंटन हॉटेलच्या नाक्यापाशी ठाण्याकडचा ट्रॅफिक येऊन मिळतो, आणि एकदा तिथे अडकलीस की काकूंचा पाय तासभर वाकलेला राहणार. त्यामुळे दुपारी तीनला, फार तर साडेतीनला वसई सोडायची, माझी आई कितीही आग्रह करू दे. हे पक्कं झालं की बाकीचं आपोआप जुळतं: तीनला निघायचं तर साडेबाराला जेवण, जेवणाआधी किल्ला आणि गाव, म्हणजे नऊच्या आत वसईत पोचायला हवं, म्हणजे तू शिवाजी पार्कहून सहाला निघायचं. रविवारी सहाला हायवे इतका मोकळा असतो की तुला गाडी चालवायला मजा येईल.

आता तुझी जी भीती आहे, हायवेवरचे कंटेनर, त्यावर माझ्याकडे उपाय आहे. जाताना रो-रोने जाऊया! तू केली नाहीयेस ना अजून? भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून वसई किल्ल्याच्या जेट्टीपर्यंत, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, गाडीसकट बोटीत चढायचं आणि साधारण साडेतीन किलोमीटर खाडी ओलांडून समोर उतरायचं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. तुला कल्पना नाही आम्हा वसईकरांना हे किती मोठं वाटतं. समोर भाईंदर दिसतंय, ट्रेन पाच-सात मिनिटांत पलीकडे जातेय, आणि गाडीने जायचं तर काशिमिरा, फाउंटन, वरसावे पूल, मग हायवेने वर आणि परत पश्चिमेला खाली, असा जवळजवळ अडतीस किलोमीटरचा वळसा. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन मुंबईला जायची वेळ आलेल्या माणसाला विचार या वळशाचा अर्थ काय असतो.

जाताना रो-रो आणि येताना हायवे असंच का, तर बोटीचं कधीकधी काही होऊ शकतं, रांग मोठी असते, एखादी फेरी रद्द होते. सकाळी तसं झालं तर आपल्या हातात वेळ असेल, भाईंदरहून मागे काशिमिऱ्याला येऊन हायवेने जाता येईल. दुपारी परतताना तसं झालं तर सगळं वेळापत्रकच कोसळलं. ज्याचा भरवसा कमी ते सकाळी करून टाकायचं. वेळा आणि भाडं आदल्या दिवशी बघून ठेव, बदलत असतात.

रस्ता सांगते. शिवाजी पार्कहून माहीम, कॉजवे, बांद्रा, कलानगरपाशी वेस्टर्न एक्सप्रेस हायवे पकड आणि मग सरळ. विलेपार्ल्याला एअरपोर्टपाशी डावीकडच्या लेनमध्ये राहू नकोस, रिक्षा आणि टॅक्सीवाले अचानक थांबतात. अंधेरीपासून डोक्यावर मेट्रो सुरू होते ती दहिसरपर्यंत सोबत असते. मी बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटसमोर उभी असेन, पुलावर चढू नकोस, खालचा रस्ता धर. दहिसर नाक्याला टोलचं टेन्शन नाही, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ आहे, आणि हायवेवरचा खानिवड्याचा टोलनाका वसईच्या पुढे, विरारनंतर येतो, म्हणजे अख्ख्या प्रवासात आपल्याला टोलच नाही. नाक्यानंतर काशिमिऱ्याला डावीकडे वळायचं, गोल्डन नेस्ट सर्कल, मग पूल चढून भाईंदर पश्चिम. तिथून मी सांगेन, जेट्टीचे रस्ते अरुंद आहेत पण सकाळी काही वाटत नाही.

बोटीत चढताना घाबरू नकोस. भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा उतार कमी-जास्त असतो, पहिल्या गिअरमध्ये हळू चढव, क्लच अर्धवट धरून मध्येच थांबू नकोस, बोटीवरची माणसं हाताने खुणा करतात त्यांच्याकडेच बघ. गाडी लावली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. मग काकूंना सावकाश उतरवून कठड्यापाशी घेऊन जाऊ. त्या आयुष्यभर ही खाडी रेल्वेच्या पुलावरून बघत आल्यात, लेडीज डब्याच्या खिडकीतून खाडीत नाणं टाकायच्या ते त्यांनी मला सांगितलंय, आता पहिल्यांदा पाण्यावरून जातील. उजवीकडे तो पूल आणि पाणजू बेट दिसेल, आणि समोर हळूहळू किल्ल्याचा तट झाडांतून वर येतो. माझ्या मते वसईला जायचा हाच खरा रस्ता आहे, पोर्तुगीजही असेच आले आणि त्यांचा सगळा व्यापार याच पाण्यातून चालायचा.

जेट्टीवरून उतरलो की लगेच किल्लाबंदरचा कोळीवाडा. वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असतील, वास येईल, काच खाली ठेव, काकूंना तो वास हवा असणार. आणि तिथून रस्ता थेट किल्ल्यातूनच जातो, म्हणजे गाडी आतपर्यंत, त्यांना चालायला फारसं लागणारच नाही. समुद्राकडच्या दरवाजापाशी सावलीत घडीची खुर्ची टाकून बसवू त्यांना, खुर्ची माझ्याकडे आहे, मी आणते. तू आणि मी मग फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जाऊन येऊ. छप्पर कधीच गेलंय, पण जमिनीत कबरींच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेली, काहींवर घराण्याची चिन्हं, चारशे वर्षं माणसांच्या पायाखाली घासून गुळगुळीत झालेली, दुपारच्या उन्हात ती दिसत नाहीत पण सकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा एकेक अक्षर उठून दिसतं. मी लहानपणी त्यांवरून बोट फिरवत बसायचे. सेंट जोसेफचा उंच मनोरा आहे ना फोटोत नेहमी दिसतो तो, तोही जवळच आहे.

तुला इतिहास आवडतो म्हणून थोडं सांगते, गाडीत काकूंनाही विचार, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली, मग त्यांनी इथे अख्खं शहर वसवलं, चर्चं, कॉलेज, हॉस्पिटल, सगळं तटाच्या आत. गोन्सालो गार्सिया वसईचाच, १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये पोपने त्याला संतपद दिलं, भारतात जन्मलेला पहिला संत तो. आणि मग १७३९, चिमाजी अप्पा. आपण शाळेत दोन ओळींत उरकलं ते, पण जागेवर उभं राहिलं की कळतं तो वेढा किती अवघड होता, तीन बाजूंना पाणी आणि दलदल, तोफांचा मारा वरून, सुरुंग लावून सॅन सेबॅस्टियनचा बुरुज उडवला तेव्हा कुठे वाट झाली. हजारो मराठे पडले तिथे. चर्चच्या घंटा मग मराठ्यांनी देवळांना दिल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. आणि त्याच वसईत १८०२ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला! चिमाजी अप्पांनंतर जेमतेम त्रेसष्ट वर्षांनी. मला अजून तो विचार केला की चीड येते.

किल्ल्यानंतर गाव. पारनाका, झेंडा बाजार, तामतलाव, काकू सांगतील तिथे थांबायचं, कुठे किती वेळ हे आपण ठरवायचं नाही. घर पाडून बिल्डिंग झालीये हे त्यांना माहितीये ना? नसेल तर आधीच सांग गं, तिथे जाऊन कळू नये. शाळा अजून आहे. मग आमच्या घरी जाताना मी मुद्दाम गिरीजवरून वळसा घेणार आहे, वाड्यांमधला रस्ता, दोन्ही बाजूंना केळी, पानवेली, सोनचाफा, विहिरीवर पंप चालू. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हरित वसईचं आंदोलन झालं, फादर दिब्रिटो आणि बाकीची मंडळी बिल्डरांच्या विरोधात उभी राहिली, मोर्चे निघाले, बायका पोरं सगळी रस्त्यावर, म्हणून हा पट्टा आज शिल्लक आहे. पूर्वेला आणि नालासोपाऱ्याला काय झालं ते बघितलं की या वाड्यांची किंमत कळते. दादरच्या फुलबाजारात तू जो चाफा घेतेस तो बऱ्याचदा इथला असतो.

जेवायला आई वालाचं बिरडं, कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या करतेय, काकूंना तिखट चालतं का ते कळव. जेवल्यावर त्यांना तासभर आडवं होऊ दे, पलंग खाली आहे, जिना चढायला नको. सुकेळी मी सांगून ठेवलीत, आगाशीची, राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून सोपटात बांधलेली. पाऊस संपला की करायला घेतात, मिळतील.

सोपारा या वेळी नको. मला माहितीये तुला स्तूप बघायचाय, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं आणि दगडी पेटीत करंडक आणि सोन्याची फुलं सापडली, शिवाय अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे याच भागात मिळाले, नववा तर १९५६ मध्ये आमच्या भुईगावला. पण ते बघायला वेगळा दिवस काढू, आपण दोघीच. हा दिवस काकूंचा आहे, त्यात जागा कोंबायच्या नाहीत.

परतीचा रस्ता तुला जमेल, मी शेजारी बसणार आहे. अंबाडी रोडने येऊन रेल्वेवरचा पूल ओलांडायचा, पूर्वेला रेंज ऑफिस, गोखिवरे, मग वसई फाट्याला हायवे. हायवे आता काँक्रीटचा झालाय, गाडी पळते, म्हणूनच सांभाळायचं. मधली लेन, सत्तरच्या आसपास, दोन कंटेनरच्या मध्ये राहायचं नाही. ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तू दिसत नाहीस, एवढं डोक्यात ठेव. चिंचोटी, बापाणे, मालजीपाडा, मग खाडीवरचा वरसावे पूल, ज्याला वर्सोवा पूलही म्हणतात. २०२३ मध्ये तिथे नवा पूल झाला तेव्हापासून जरा सुटका झालीये, आधी जुन्या पुलाची दुरुस्ती निघाली की आमचे हाल कुत्रा खात नव्हता. मॅपमध्ये मात्र नुसतं वर्सोवा पूल टाकून शोधू नकोस, तो तुला अंधेरीला समुद्रावर नेईल, फाउंटन हॉटेल टाक. तिथे ठाण्याचा फाटा डावीकडे सोडून आपण सरळ काशिमिऱ्याकडे.

तारीख. कार्तिक वद्य एकादशीपासून निर्मळची जत्रा भरते, त्या दिवसांत तिकडचे सगळे रस्ते भरलेले असतात, तेव्हा तो रविवार नको. मार्गशीर्षातला पहिला रविवार घेऊया, हवाही छान असते, ऊन लागत नाही. डॉक्टरांना एकदा विचारून घे की सलग दीड तास बसलेलं चालेल का, नसेल तर मी बोरिवलीला चढताना दहा मिनिटं थांबू, तेवढ्यात त्या पाय मोकळे करतील. पुढची सीट पूर्ण मागे सरकव, पाठीला छोटी उशी, पायाखाली काहीतरी उंच.

आणि तुझ्याकडची कामं: शनिवारीच पेट्रोल आणि हवा भरून ठेव, स्टेपनीची हवा पण बघ, ती कोणी बघत नाही. पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख तपास. काकूंच्या दुपारच्या गोळ्या पर्समध्ये. बाबांना यायचं असेल तर आत्ताच सांग, म्हणजे आईला भाकऱ्यांचा अंदाज येईल, आणि शनिवारी रात्री नऊच्या आत फोन कर, बोटीच्या वेळा मी विचारून ठेवलेल्या असतील.

तुझीच,
शुभा