तांबेऱ्याचे मूळ बांधावर शोधू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गव्हावरील तांबेरा या बुरशीजन्य रोगाविषयीचा लेख आपल्या दैनिकात वाचला. फवारणीची माहिती उपयुक्त आहे. मात्र ही बुरशी एका हंगामातून दुसऱ्या हंगामात बार्बेरीच्या झुडपामार्फत जाते, हे विधान आपल्या देशाला लागू पडत नाही. ते का लागू पडत नाही हे दाखवण्यात आग्रा कॉलेजातील प्रा. करमचंद मेहता (१८९२–१९५०) यांची उमेदीची वर्षे खर्ची पडली, म्हणून हे पत्र.

बार्बेरी हे आपल्या दारुहळदीच्या कुळातले झुडूप. काळ्या (खोडावरच्या) तांबेऱ्याच्या जीवनचक्राचा एक भाग त्यावर पुरा होतो, हे जर्मनीच्या डी बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केले आणि १९१८ पासून अमेरिकेने ती झुडपे उपटण्याची मोहीमच उघडली. मेहतांनी भारतातली स्थिती तपासली. तांबेरा पडलेल्या शेतातून चालत गेले की लेंग्याला गुडघ्यापर्यंत विटकरी रंग चढतो. ती भुकटी म्हणजेच बीजाणू, म्हणजे बुरशीचे जणू बी, आणि मैदानातल्या मे-जूनच्या उन्हात ते तगत नाहीत. मग पुढच्या हिवाळ्यात ते येतात कोठून? डोंगराळ भागांची पाहणी करून आणि चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून मेहतांनी उत्तर काढले: हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या डोंगरांवर उन्हाळ्यातही गव्हाचे पीक किंवा आपोआप उगवलेली रोपे असतात, त्यांच्यावर तांबेरा जगतो आणि वाऱ्याबरोबर खाली उतरतो. त्यांचा प्रबंध १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगरावरचे बिगरहंगामी पीक बंद करावे, असे त्यांनी सुचवले. एका मुलखातल्या रोगाचा उपाय दुसऱ्याच मुलखातल्या पेरणीत आहे, हे ऐकणाऱ्यांना पचायला जडच गेले असावे. दक्षिणेकडून येणाऱ्या बीजाणूंचा बंगालच्या उपसागरातील नोव्हेंबरच्या चक्रीवादळांशी असलेला संबंध पुढच्या संशोधकांनी उलगडला.

दोष एकट्या लेखकाचा नाही. मीही अनेक वर्षे बार्बेरीच्या पानाची आकृती फळ्यावर काढली आणि परीक्षेत तिला पाच गुण दिले. मेहतांचे नाव मात्र तासाच्या शेवटी, वेळ उरला तर घेतले. लेख छापून आल्यावर गावातल्या एका शेतकऱ्याने मला बांधावर नेऊन एक काटेरी झुडूप दाखवले आणि “सर, उपटायचं ते हेच का?” असे विचारले. ते हेकळ होते, बार्बेरी नव्हे. लेखातील विधानाची दुरुस्ती कृपया छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त कृषी शिक्षक, निफाड (जि. नाशिक)