मॅपलच्या बुंध्याला भर नको

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी मॅपलवरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते, पण झाडाची निगा दोन ओळींत उरकली होती. न्यू जर्सीत मराठी घरांसमोर हे झाड सर्रास दिसतं आणि त्यातली कितीतरी झाडं आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू वाळतात, म्हणून हे पत्र.

वसंतात माळी येतात आणि लाकडाचा चुरा खोडाला टेकवून ढीग रचून जातात. आपल्याकडे उसाला, केळीला भर घालायची रीतच आहे, त्यामुळे गावाहून आलेल्या आईवडिलांनाही ते योग्य वाटतं. पण मॅपलची साल सतत ओली राहिली की कुजते. त्या ढिगात नवी मुळं फुटतात, खोडाभोवती वेढा घालतात आणि पुढे खोड आवळतात. याला वर्षं लागतात. तोवर दोष उन्हाला नाहीतर खताला दिला जातो. गेल्या शरदात शेजारणीच्या ‘ब्लडगुड’ जातीच्या मॅपलभोवतीचा ढीग आम्ही हातांनी उपसला. आतली साल काळी पडलेली, बोटाने दाबली की आत जाणारी. अंगठ्याएवढं जाड मूळ खोडात रुतलेलं.

खोड जमिनीलगत रुंदावतं, तो भाग उघडा दिसायलाच हवा. चुरा दोन-तीन इंचांचा, पसरट आणि खोडापासून चार बोटं लांब असावा. मुळं वरवरच असतात, त्यामुळे भोवती खणू नये. सकाळचं ऊन, दुपारी सावली आणि कडक उन्हाळ्यात सावकाश, भरपूर पाणी दिलं की पानांच्या कडा फारशा करपत नाहीत. वसंताच्या तोंडावर फांद्या छाटू नयेत, रस गळतो. कलमाच्या सांध्याखालून हिरवे फुटवे आले तर लगेच काढावेत. हापूसचा खुंट फुटला की कलम मागे पडतं, तसंच हेही. कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना मात्र कळकळीची विनंती, ऑनलाइन मिळणाऱ्या मॅपलच्या बियांवर पैसे घालवू नका. या झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ कडाक्याची थंडी लागते. ती गच्चीवरच्या कुंडीत मिळणार नाही. लाल पानांची हौस असेल आणि अंगण मोठं असेल तर कुसुंब लावा. वसंतात त्याची कोवळी पालवी लालभडक असते, आणि हे झाड आपल्या सह्याद्रीतलंच आहे.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी