सीसॅट नेमका कशानं गेला?

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. समुद्राचा अभ्यास करायला नासानं सोडलेल्या सीसॅट उपग्रहाच्या रडारला पाणबुड्यांचा माग लागायला लागला म्हणून अमेरिकी लष्करानंच तो गुपचूप बंद पाडला, ही गोष्ट तू अगदी रंगवून लिहिली आहेस. झकास आहे, पण मला काही पटत नाही. तसं असतं तर १९८१ साली स्पेस शटलमधून त्याच जातीचं रडार, तेही सीसॅटचेच उरलेले सुटे भाग वापरून, नासानं वर कशाला नेलं असतं?

खरं कारण फारच फुटकळ आहे रे. २७ जून १९७८ला सोडलेला हा उपग्रह १० ऑक्टोबरला शॉर्ट सर्किटनं गेला. बघ, उपग्रहाचं तोंड पृथ्वीकडे आणि सौर पंख मात्र सूर्याच्या मागे वळत राहणार. मग फिरत्या पंखातली वीज आत आणायची कशी? त्यासाठी सांध्यात धातूच्या कड्या असतात, त्यांच्यावर ब्रश घासत राहतात. स्लिप रिंग म्हणतात त्याला. शॉर्ट झालं ते तिथंच, आणि बॅटऱ्या रिकाम्या झाल्या. उपग्रहाचा सांगाडा होता अजेना नावाच्या अमेरिकी रॉकेटच्या टप्प्याचा, कित्येकदा उडालेला. त्यामुळे हा भाग पारखलेलाच आहे असं धरून चालले आणि त्याच्याकडे हवं तेवढं लक्ष गेलंच नाही, असं चौकशी समितीनं म्हटलं. मला चीड येते ती याची. नव्या उपकरणांना सगळ्यांनी तळहातावर जपलं आणि घात केला जुन्या सांध्यानं!

रडारच्या चित्रांची तर आणखीच तऱ्हा. ती साठवायची सोयच उपग्रहावर नव्हती. खालचं एखादं केंद्र नजरेच्या टप्प्यात असेल तेवढ्याच वेळात पाठवायची. साडेतीन महिन्यांत जेमतेम ४२ तासांची चित्रं हाती लागली.

पण मी खरा फिदा आहे अल्टिमीटरवर. सुमारे ८०० किलोमीटरवरून रडारचा ठोका खाली सोडायचा, परत यायला लागलेला वेळ मोजायचा, की पाण्याची उंची साधारण दहा सेंटिमीटरच्या फरकानं कळते. आता गंमत ऐक. समुद्रतळावर दोन हजार मीटरचा डोंगर असला, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणानं आजूबाजूचं पाणी ओढलं जातं आणि वरची पातळी दोनेक मीटरनं फुगते. हा फुगवटा कित्येक किलोमीटर पसरलेला, त्यामुळे जहाजावरून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. भूभौतिकशास्त्रज्ञ विल्यम हॅक्सबीनं सीसॅटच्या याच मोजमापांवरून महासागरांचा नकाशा केला, त्यात समुद्राखालच्या डोंगररांगा आणि भेगा चक्क उमटल्या. पाण्याचा पृष्ठभाग मोजला आणि तळ दिसला!

वारा मोजणाऱ्या स्कॅटरोमीटरचं राहिलंच. पाण्यावरच्या बारीक लहरींवरून तो वाऱ्याचा वेग आणि दिशा कशी काढायचा, ते पुढच्या पत्रात लिहितो. तोवर पाणबुडीवाल्या गोष्टीला तुझ्याकडे काही पुरावा असेल तर धाड, भांडायला मी तयार आहे.

तुझाच,
सुध्या