संहितेवरचा शिक्का आता काढा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स. न. वि. वि.

२०२६ हे इटालियन नाटककार आणि नट दारिओ फो यांचं जन्मशताब्दी वर्ष. त्यानिमित्त महोत्सव भरवा, असं मी म्हणत नाही. नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घेण्याची सक्ती रद्द करा, एवढीच मागणी आहे. फो यांची कारकीर्द पाहिली की ही मागणी का करावी लागते ते कळतं.

माज्जोरे सरोवराजवळच्या सांजानो गावी २४ मार्च १९२६ला जन्मलेला हा स्टेशनमास्तरचा मुलगा. कोळ्यांच्या आणि काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या गोष्टी ऐकत तो वाढला, मिलानमध्ये चित्रकला शिकला, मग रेडिओ करत करत रंगमंचावर आला. १९५४ साली फ्रांका रामेशी लग्न झालं. तिचं घराणं फिरत्या नाटक मंडळीचं. कथानक ठरलेलं, संवाद मात्र रंगमंचावर ऐनवेळी सुचतील तसे, ही त्या घरची रीत. फो यांच्या कामात फ्रांका यांचा वाटा फार मोठा आहे आणि तो नेहमीच कमी सांगितला जातो.

त्याच वर्षीच्या त्यांच्या कार्यक्रमाला सेन्सॉरची कात्री लागली. मंजूर संहितेबाहेर एक शब्दही जात नाही ना, हे पाहायला पोलीस अधिकारी प्रयोगाला येऊन बसत. १९६२ साली इटलीनं कायदा करून नाटकांच्या संहितेची ही पूर्वतपासणी संपवली. दूरचित्रवाणीवर मात्र त्याच वर्षी, बांधकाम मजुरांच्या सुरक्षेवरचं प्रहसन कापायला सांगितलं म्हणून दोघांनी सरकारी वाहिनीचा लोकप्रिय कार्यक्रम सोडला. त्या पडद्यावर ते परतले थेट १९७७ मध्ये.

आता मुख्य मुद्दा. १२ डिसेंबर १९६९ला मिलानच्या पियाझ्झा फोंतानातल्या बँकेत बॉम्बस्फोट होऊन १७ माणसं मेली. संशयावरून धरलेला अराजकवादी (अनार्किस्ट) रेल्वे कामगार जुझेप्पे पिनेल्ली तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडून मेला. तो निर्दोष होता. वर्षभरात फो यांनी 'अॅक्सिडेंटल डेथ ऑफ अॅन अनार्किस्ट' रंगमंचावर आणलं. पकडून आणलेला एक वेडा पोलीस ठाण्यातच न्यायाधीशाचं सोंग घेतो आणि पोलिसांकडूनच त्यांच्या जबान्या पुन्हा वदवून घेतो. प्रत्येक जबानी आधीचीला खोटी पाडते. प्रेक्षक हसून लोटपोट होतात आणि मग त्यांना आठवतं की एक माणूस खरोखर मेला आहे. या मृत्यूशी जोडलेला बदनामीचा खटला तेव्हा कोर्टात चालू होता. कोर्टात नवं काही बाहेर आलं की नाटकात बदल व्हायचा. प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा रंगायची, तिला ते नाटकाचा तिसरा अंक म्हणत.

महोदय, असं नाटक आपल्या नियमात कुठे बसवायचं? आज कोर्टात जे घडलं ते आज रात्रीच्या प्रयोगात येणार असेल, तर मंडळाकडे कोणती पानं द्यायची? आपल्या तमाशातला सोंगाड्याही बतावणीत गावचा ताजा विषय काढतो, आणि त्याची जान तिथेच असते.

१९९७ साली फो यांना साहित्याचं नोबेल मिळालं. भाषणाची सुरुवात त्यांनी सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या १२२१ सालच्या, विदूषकांना मारहाण करायची मुभा देणाऱ्या फर्मानापासून केली. २०१६ साली ते गेले.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. 'सखाराम बाईंडर'वर बंदी आली तेव्हा नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात लढले आणि जिंकले. २०१६ साली अमोल पालेकरांनी पूर्वतपासणीलाच उच्च न्यायालयात आव्हान दिलं. प्रत्येक वेळी कलावंतानेच वकील का शोधायचा? परिणाम तर कोर्टापर्यंत न पोहोचताच होतो. शिक्का मिळेल की नाही, या धास्तीनं नवा लेखक वाक्य आधीच खोडतो. ते वाक्य कोणत्याच फायलीत नोंदलं जात नाही.

प्रयोगात कायद्याचा भंग झाला असं कुणाला वाटलं, तर त्यासाठी कायदे आहेत, न्यायालयं आहेत. ती वाट प्रयोगानंतरही मोकळीच असते. म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालची पूर्वतपासणीची सक्ती मागे घ्यावी. पोलीस अधिनियम आपल्या खात्याचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण मंडळ सांस्कृतिक कार्याच्या कक्षेतलं आहे, त्यामुळे हा प्रस्ताव गृह विभागापुढे आपणच मांडायला हवा. येत्या अधिवेशनात आपण यावर सभागृहात निवेदन करावं, ही विनंती.

आपला,
एक हौशी रंगकर्मी