बुलेट ३५० च्या सदोष दुरुस्तीबद्दल तक्रार व मूळ कार्बोरेटर परत मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : इंजिनाचे अडखळणे व गिअर न पडणे हे दोन्ही दोष दुरुस्तीनंतरही कायम असल्याबाबत

महोदय,

सोबत जोडलेल्या जॉब कार्डावरची १९८७ सालची बुलेट ३५० माझी आहे. बिडाचा बॅरल, पॉइंट-कंडेन्सरचे इग्निशन (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा), उजव्या पायाचा चार गिअरचा गिअरबॉक्स. घेतली तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. "पिकअप घेताना इंजिन अडखळते, गरम झाल्यावर गिअर नीट पडत नाहीत" एवढीच तक्रार आपल्या परळच्या वर्कशॉपने लिहून घेतली होती. गाडी परत मिळाली तेव्हा दोन्ही दोष जसेच्या तसे होते आणि हातात १८,४०० रुपयांचे बिल होते.

बिलात पॉइंट, कंडेन्सर, इग्निशन कॉइल, प्लग, प्लग कॅप, नवा कार्बोरेटर, क्लच प्लेटचा सेट आणि गिअरबॉक्स ओव्हरहॉल आहे. म्हणजे बदलण्याजोगे दिसले ते सगळे बदलले, पण दोष कुठे आहे हे कोणी शोधलेच नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून नोकरी केली आहे. तिथे आधी दोष सापडायचा, मग पाना हातात घ्यायचा. आपल्याकडे हे उलटे का चालते, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आधी अडखळण्याबद्दल. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) बंद असताना एकदम थोडा उघडला की इंजिन गुदमरते, एक झटका देते आणि मग उचलते. अर्ध्याच्या पुढे थ्रॉटल उघडला की गाडी साफ पळते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर काही त्रास नाही, सगळा त्रास हिंदमाता-दादर टीटीच्या सिग्नलला सुटताना. मिश्रणात पेट्रोल वाढवणारा चोक अर्धा ओढला की अडखळणे जवळजवळ जाते. थ्रॉटल सोडल्यावर स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा संथ वेग) लगेच खाली न येता थोडा वेळ वरच राहतो. प्लगचे पोर्सेलिन कॉफीसारखे तपकिरी असायला हवे, ते पांढरे पडले आहे. ही सगळी लक्षणे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात : हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, कुठून तरी जास्तीची हवा आत ओढली जात आहे. थ्रॉटल कमी उघडा असतो तेव्हा आतली ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून अशी गळती तिथेच जाणवते आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर लपते. दोष इग्निशनचा असता तर चोक ओढून तो गेला नसता. तरीही आपण पॉइंटपासून कॉइलपर्यंत सगळे बदलले आणि त्याचे पैसे लावले.

हे मी नुसते तोंडी सांगून थांबलो नाही. आपल्या वर्कशॉपच्या दारात, आपल्या सुपरवायझरच्या समोर, इंजिन नुकतेच सुरू केलेले आणि सायलेन्सर अजून थंड असताना मी कार्बोरेटर आणि इंजिनाचे हेड यांच्यामधल्या सांध्यावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला. स्लोचा आवाज तिथल्या तिथे बदलला. फवारा थांबवला, पुन्हा पहिल्यासारखा झाला. सांध्याच्या खालच्या कडेला ओलसर काळपट रेघही दिसत होती, ती मी त्यांना टॉर्च लावून दाखवली. त्या सांध्यात जो इन्सुलेटरचा (इंजिनाची उष्णता अडवणारा) तुकडा आणि पॅकिंग असते, ते बिलात कुठेच नाही. म्हणजे नवा कार्बोरेटर त्याच जुन्या, वाकलेल्या तुकड्यावर आवळून बसवला. बिलातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा हा तुकडा स्वस्त आहे.

यावर सुपरवायझरांचे उत्तर : "काका, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, जुन्या गाड्यांना हे होणारच." इथेनॉलचा परिणाम होतो हे मला मान्य आहे. त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) मिश्रण थोडे पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडलेले, होते, जुन्या रबरी पॅकिंगांना ते सोसत नाही आणि मुंबईच्या दमट हवेत ते पाणीही धरते. पण मग गाडी पूर्ण थ्रॉटलवरही अडखळायला हवी होती. आणि आपल्याला खरोखरच पेट्रोलचा संशय होता, तर कार्बोरेटरमधल्या नीडलची (सुईची) क्लिप एक खाच खाली घेऊन मिश्रण घट्ट करून बघता आले असते, स्लोला पेट्रोल देणारा पायलट जेट एक नंबर मोठा लावून बघता आला असता. यातले काहीही केल्याची जॉब कार्डावर नोंद नाही. कारण सांगायचे आणि त्यावर उपाय मात्र करायचा नाही, हे मला पटलेले नाही.

आता गिअरचे. गाडी गरम झाली की सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. पहिल्यात क्लच पूर्ण दाबून धरला तरी गाडी पुढे सरकत राहते. मागे बेस्टची बस, पुढे रस्ता ओलांडणारी माणसे आणि गाडी ब्रेकवर धरून ठेवायची. हा धोका आहे, नुसती गैरसोय नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पाय दोनदा मारावा लागतो. "जुन्या बुलेटचा गिअर असाच असतो," असे मला सांगण्यात आले. माझ्या बुलेटचा असा नव्हता.

यातही तपासणी सोपी होती. इंजिन बंद, गाडी मधल्या स्टँडवर, मागचे चाक हाताने फिरवत गिअर टाकले तर चारही गिअर व्यवस्थित पडतात, म्हणजे गिअरबॉक्स ठीक आहे. या गाडीत किक गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून इंजिनापर्यंत जाते. क्लच दाबून किक मारली तर ती इंजिन न फिरवता हलकेच खाली जायला हवी. माझ्या गाडीत क्लच दाबलेला असतानाही किक इंजिन फिरवते. म्हणजे प्लेटा मोकळ्या होत नाहीत. नव्या प्लेटा घालताना स्प्रिंगांचे स्क्रू कमी-जास्त आवळले असतील, तर त्या प्लेटांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट तिरकी उठते आणि एका बाजूला प्लेटा चिकटूनच राहतात. क्लचवरचे प्रायमरी कव्हर उघडून क्लच दाबून बघायला किती वेळ लागतो? त्याऐवजी चांगला चालणारा गिअरबॉक्स उघडला आणि ओव्हरहॉलचे पैसे घेतले. दुसऱ्यातून तिसऱ्याचा त्रास क्लच मोकळा झाल्यावरही उरला, तर गिअरच्या बाहेरच्या कव्हरखालची अॅडजस्टिंग प्लेट ढिली करून गिअरच्या पायदांडीची वरची आणि खालची हालचाल सारखी लावावी लागेल. हे काम आपल्या जुन्या मिस्त्रींना नक्की येत असेल. त्यांनाच माझी गाडी द्यावी, ही विनंती.

सर्वांत जास्त मला लागलेली गोष्ट कार्बोरेटरची आहे. माझा मूळ मिककार्ब कंपनीचा कार्बोरेटर न विचारता काढला गेला, त्या जागी कंपनीचे नावही नसलेला नवा बसवला, आणि जुना मागितल्यावर "स्क्रॅपमध्ये गेला" असे सांगितले. काढलेले भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची रीत आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा साधा मेकॅनिकही ती पाळतो. त्या कार्बोरेटरमध्ये दोष नव्हता. तसा शाबूत मूळ भाग आज सहज मिळत नाही. तो माझ्या मालकीचा होता आणि तो फेकायचा किंवा विकायचा अधिकार आपल्याला नव्हता.

मी स्वतः इन्सुलेटर बदलू शकतो, क्लचही उघडू शकतो. पण बाहेर कुठे बोल्ट ढिला केला तर वॉरंटी जाईल, असे बिलाच्या मागे छापलेले आहे, म्हणून हात लावलेला नाही. आपण वर्कशॉपमध्येच इनटेकचा (कार्बोरेटर आणि हेडमधला) सांधा नवा बसवून द्यावा, क्लच माझ्या समोर उघडून मोकळा करावा आणि त्यानंतर लालबाग ते सायन अशी गर्दीच्या वेळची चाचणी माझ्यासोबत घ्यावी. माझा मूळ कार्बोरेटर शोधून परत द्यावा. इग्निशनच्या भागांचे आणि गिअरबॉक्स ओव्हरहॉलचे पैसे परत करावेत, कारण ही कामे दोषाशी संबंधित नव्हती आणि ती करायला माझी संमतीही घेतली नव्हती.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत बिल, जॉब कार्ड, प्लगचा फोटो आणि सांध्यावरच्या फवाऱ्याचा व्हिडिओ जोडला आहे. व्हिडिओत स्लो बदललेला स्पष्ट ऐकू येतो. उत्तर लिहिण्याआधी तो आपल्या हेड मेकॅनिकनी ऐकावा.

आपला,
गाडीमालक
लालबाग, मुंबई